उताराचा सराव

माझ्या नवऱ्याने कतारमध्ये सायकलचे रस्ते बांधले आणि त्याला स्वतःला सायकल येत नव्हती. हे मी चारचौघांत सांगायला लागले की लोक हसायचे, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की उरलेलं वाक्य मला गिळावं लागायचं. त्याची बाजूही सांगते. तो ड्रेनेजचा इंजिनियर. रस्त्यावर पडलेलं पाणी कुठल्या बाजूने कुठे वाहील, एवढंच बघणं त्याचं काम. वर्षातून दोन-चारदा पाऊस पडणाऱ्या देशात हे काम करून तो आयुष्यभर गंभीर राहू शकला, याचं मला कौतुकच वाटत आलं आहे.

तो मुंबईत वाढला. बसने जायचं, नाहीतर चालायचं. सायकल शिकायला मोकळी जागा लागते आणि ती त्यांच्या गल्लीत नव्हती. मी नाशिकची, शाळा-कॉलेज सगळं सायकलवर केलेलं, तेही मागे मैत्रिणीला बसवून. लग्नानंतर हे त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, “छान.” विषय तिथेच संपला. वीसेक वर्षं संपलेलाच राहिला.

आम्ही दोहातल्या फरीज बिन ओमरानमध्ये राहायचो. खाली किराणा, न्हावी, मल्याळी हॉटेल आणि लाँड्री, वर आम्ही. वर्ल्ड कप यायचा होता आणि सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो संध्याकाळी जागेवर असेलच असं नाही. मेट्रो, पूल, बोगदे, स्टेडियम, आणि प्रत्येक नव्या रस्त्याच्या कडेने गुळगुळीत सायकलमार्ग. कशाबद्दलही विचारा, उत्तर एकच: वर्ल्ड कपच्या आधी होईल, इन्शाल्ला. मीही एका बांधकाम कंपनीतच होते, डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून. म्हणजे इंजिनियर लोक ड्रॉइंग पाठवणार, कन्सल्टंट त्यावर शेरा मारणार, आणि आलं कुठलं, गेलं कुठलं, हे मी बघणार. ‘ए’ शेरा म्हणजे मंजूर. ‘बी’ म्हणजे किरकोळ दुरुस्त्या करून मंजूर. ‘सी’ म्हणजे पुन्हा काढून आणा.

आमची एकुलती एक मुलगी इथेच वाढली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. बारावीनंतर ती इंग्लंडला सिव्हिल इंजिनियरिंगला गेली आणि बापाला आभाळ ठेंगणं झालं. विमानतळावरून परत येताना गाडीत तो मला पुलांचे प्रकार सांगत होता, जणू प्रवेश मलाच मिळाला होता. दोन वर्षांनी तिने फोन करून सांगितलं की ती इंजिनियरिंग सोडते आहे. वेल्सच्या सीमेजवळ एका लहानशा कॉलेजात शेतांची झुडपी कुंपणं, ओढे, पायवाटा, झाडी हे सगळं राखायचं शिक्षण मिळतं, तिथे तिने प्रवेशही घेतला होता.

“कुंपणं राखायला डिग्री लागते?” तो म्हणाला.

“यू नेव्हर लिसन, बाबा,” ती म्हणाली. मग दोघांचेही आवाज चढले. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तो म्हणून बसला होता, “मग तिकडेच राहा. माझ्या घरी यायची गरज नाही.”

आणि ती आली नाही. त्या उन्हाळ्यात नाही, दिवाळीत नाही, पुढच्या दिवाळीतही नाही. दोघं एका हाडाची, त्यामुळे माघार कोण घेणार हा प्रश्नच नव्हता. माझ्याशी रोज बोलणं व्हायचं. फोन माझ्या हातात, स्पीकर चालू, तो शेजारच्या सोफ्यावर.

“तिला सांग, पासपोर्ट संपत आलाय, रिन्यूला टाक.”

“आई, टेल हिम आय डिड.”

दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू जायचं, तरी निरोप माझ्यामार्फतच. घट्ट तोंडाच्या दोन माणसांमध्ये राहून मी नको इतकी बोलकी झाले. सुरुवातीला मला दोघांचा राग यायचा. मग भीती वाटायला लागली. भीती एकाच गोष्टीची होती, की न येण्याची सवय होईल. तिचं शिक्षण वर्षभरात संपणार, तिकडेच काम मिळणार, आणि मग राग विरला तरी घरी येणं राहून जाणार. दोहात अशी घरं मी पाहिली होती, जिथे मुलांच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल असतं.

एका फेब्रुवारीत ती फोनवर म्हणाली, “आई, जुलैमध्ये ये ना. आमच्या भागात सायकलचा एक रूट आहे, चार-पाच दिवसांचा. विलेजेस, ऑर्चर्ड्स, छोट्या लेन्स. तुला आवडेल. गाडी नाही, ओन्ली सायकल.” मग म्हणाली, “बाबाला यायचं असेल तर ही कॅन टेक द बस. रोज संध्याकाळी आपल्याला भेटेल.”

तो सोफ्यावरून उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. समोर मेट्रोच्या खड्ड्याभोवतीचे पत्रे होते, ते बघत राहिला.

पुढच्या शुक्रवारी चहा पिताना म्हणाला, “अगं, मला सायकल शिकव.”

मी कप खाली ठेवला. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला ‘शिकव’ असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. चेष्टा करायची फार इच्छा झाली. पण तो पुढे म्हणाला, “ती पुढे जाणार आणि मी संध्याकाळी बसस्टॉपवर बॅगा धरून उभा राहणार, असं नको. मला तिच्या बरोबर राहायचंय.” मग चेष्टा करवली नाही. नंतर केली, पुष्कळ केली, पण त्या दिवशी नाही.

सायकली मिळाल्या अल हिलाल भागात. तिथल्या व्हिलात राहणारं आमच्या नाशिकचंच एक कुटुंब सामान विकून परत चाललं होतं. दोहात कुणीतरी सतत परत जात असतं आणि मागे राहिलेल्यांची घरं त्या सामानाने भरत जातात. आमचा मिक्सर, पुस्तकांचं कपाट, पडदे, सगळं जाणाऱ्यांकडून आलेलं. त्यात दोन सायकलींची भर पडली. एक जांभळी, टोपली असलेली, ती माझी.

आमच्या धंद्यात कुठलंही काम सुरू करायच्या आधी ‘मेथड स्टेटमेंट’ द्यावं लागतं. काम कोणत्या क्रमाने करणार, धोका कुठे आहे, त्यावर उपाय काय, सगळं लिहून. नवऱ्याने सायकल शिकण्याचं मेथड स्टेटमेंट टाईप करून आणलं. त्यात एका रकान्यात लिहिलं होतं, धोका: पडणे. समोर लिहिलं होतं, उपाय: पत्नी. मी त्यावर ‘बी’ मारून परत दिलं.

आमच्या बिल्डिंगमागे एक मोकळा प्लॉट होता, वाळूचा, एका कडेला डांबर घातलेला. शुक्रवारी सकाळी नमाजाच्या वेळेपर्यंत गल्लीत चिटपाखरू नसायचं. तिथे पन्नाशीला टेकलेला गृहस्थ हेल्मेट, कोपर-पट्ट्या, गुडघे-पट्ट्या बांधून सायकलवर, आणि त्याच्या मागे सीट धरून पळणारी मी, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, चहाचा ग्लास घेऊन बघायला यायचा. तिसऱ्या शुक्रवारी त्याला राहवेना. “मॅडम, छोड दो,” तो म्हणाला. मी सोडलं. साहेब सरळ रेषेत छान गेले आणि म्युनिसिपालिटीच्या कचरापेटीवर आदळले.

“वळायचं कसं ते सांगितलं नाहीस,” उठताना म्हणाला.

“तुमच्या स्टेटमेंटमध्ये वळण नव्हतं,” मी म्हटलं.

मार्च संपता संपता तो शेजारच्या अल नस्र भागातल्या मागच्या गल्ल्यांतून चक्कर मारून यायला लागला. मग एका पहाटे आम्ही सायकली गाडीत घालून शहराबाहेर त्याच्या हातच्या नव्या सायकलमार्गावर गेलो. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला वाळवंट, मध्ये तो काळाभोर पट्टा, सरळ, नजर पोचेल तिथपर्यंत. माझा नवरा त्यावरून निघाला आणि एकटाच हसायला लागला. मोठ्याने हसत होता. मला त्या क्षणी तो फार आवडला. मग अचानक थांबला, खाली उतरला आणि गटाराच्या झाकणाशी उकिडवा बसला. झाकण रस्त्यापेक्षा बोटभर वर राहिलं होतं. ड्रॉइंगवर, साइटवर, कुणाला ते खटकलं नव्हतं. आता स्वतःच्या बुडाला दणका बसल्यावर खटकलं. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडताच कॉन्ट्रॅक्टरला पहिला फोन गेला, आणि त्या पट्ट्यावरची सगळी झाकणं पुन्हा बसवली गेली.

तोवर एप्रिल उलटून गेला होता, ऊन चढत होतं. आम्ही चारला उठायचो, पाण्याच्या सहा बाटल्या घ्यायचो, ऊन तापायच्या आत घरी. मुलगी अधूनमधून रूटची माहिती पाठवायची. पहिला दिवस बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून, रूळ काढून त्याची वाट केलेली. मग सफरचंदाच्या बागांमधून, मग लहान लहान गावं. एकदा तिने लिहिलं, ‘इट्स अ बिट हिली.’ नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून विचार केला. या देशात टेकडी म्हणजे काय ते लोक विसरले आहेत. इथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि त्यावर सायकलला बंदी. तो स्वतः आठवडाभर शंभर फुटांत दोन इंच उतार मिळावा म्हणून झगडणारा माणूस.

शेवटी त्यालाच सुचलं. मॉलचं पार्किंग. चार मजले, वर जाणारा गोल रॅम्प, सकाळी सगळा रिकामा. आम्ही गेलो. तो पहिला मजला चढला, धापा टाकत दुसरा चढला, तिसऱ्यावर पोचून दोन्ही हात वर केले. तेवढ्यात सिक्युरिटी शिट्टी वाजवत आली. सायकल अलाउड नाही, यल्ला, खाली चला. आम्ही सायकली हातात धरून मुकाट्याने चालत खाली उतरलो.

“खलास,” तो लिफ्टपाशी म्हणाला. “चढाचा सराव झाला.”

मीही म्हटलं, झाला. जी बाई नाशिकच्या उतारांवर वाढली तिलाही त्यात काय राहिलं ते सुचलं नाही. इतकी वर्षं सपाटीवर राहिलं की डोकंही सपाट होतं. दोहात पेडल मारायचं थांबवलं की समोरचा वाराच सायकल थांबवतो. ब्रेक फक्त सिग्नलला, आणि तोही दोन बोटांनी.

जुलैत आम्ही गेलो. तिच्या कॉलेजच्या भागात, हेरफर्डशरमधल्या एका लहान स्टेशनवर ती उभी होती, उन्हाने रापलेली, हात ओरखडलेले, केस कापलेले. आमच्यासाठी भाड्याच्या दोन सायकली घेऊन आली होती. मला मिठी मारली. मग बापाकडे बघितलं. बापाने तिच्याकडे बघितलं.

“वाळलीस,” तो म्हणाला.

“आयम फाइन,” ती म्हणाली. आणि मला विचारलं, “ही कॅन राइड? सिरियसली?”

“त्यालाच विचार,” मी म्हटलं. तिने विचारलं नाही.

पहिला दिवस झकास गेला. जुन्या रेल्वेची वाट आमच्या दोहासारखीच सपाट, फक्त दोन्ही बाजूंनी झाडी आणि वर पानांचं छत. तो ताठ बसून चालवत होता. तिच्या डोळ्यांत आश्चर्य होतं आणि ते तिने लपवलं नाही. मी मनातल्या मनात सत्यनारायण बोलून मोकळी झाले. एकच गंमत झाली. आम्ही सवयीने पहाटे चारला उठून, सहा बाटल्या भरून, तयार होऊन बसलो होतो. त्या गावात चहा साडेनवाच्या आत मिळत नाही, आणि उजेड रात्री साडेनवापर्यंत असतो. मुलगी पांघरुणातून म्हणाली, “आई, इथे ऊन पकडायला येत नाही. झोप.”

दुसऱ्या दिवशी लेन्स सुरू झाल्या. एक गाडी जेमतेम मावेल एवढा रस्ता, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच कुंपणं, आणि सतत वर, खाली, वर, खाली. मध्येच एखादं फाटक लागतं, त्यातून पलीकडचं शेत, मेंढ्या, लांब एखाद्या चर्चचं टोक. कुणाच्या तरी दारात अंड्यांची टोपली ठेवलेली, जवळ डबा, माणूस नाही. मला ते सगळं इतकं आवडलं की मी गाणं म्हणायला लागले. मागे माझा नवरा प्रत्येक चढ सायकलवरून उतरून चालत चढत होता, ते समजण्यासारखं होतं. पण तो उतारही चालतच उतरत होता.

“अहो, बसा की आता.”

“नाली बघतोय,” तो म्हणायचा. पहिल्या दोन-तीन उतारांवर मी विश्वास ठेवला. नंतर त्याचा चेहरा पाहिला आणि पार्किंगच्या रॅम्पवरून आम्ही सायकली हातात धरून उतरलो होतो, ते आठवलं. त्याला उतार येतच नव्हता. मी शिकवलाच नव्हता. त्यात गाड्या इथे डावीकडून आणि हा दोहाच्या सवयीने उजवीकडे सरकायचा. मुलगी पुढून ओरडायची, “आई, टेल हिम लेफ्ट!” प्रत्येक उताराच्या तळाशी ती हाताची घडी घालून उभी असायची. मी मध्ये, एकदा पुढे बघायची, एकदा मागे. फोनवर करत होते तेच काम आता सायकलवर.

तिसऱ्या दिवशी एक लांब उतार आला. वरून खालचं गाव दिसत होतं, त्यातलं दुकान चारला बंद होणार होतं. मुलगी मला म्हणाली, हळूच, पण इतकं हळू नाही, “अॅट धिस रेट वी विल नेव्हर गेट देअर.”

नवऱ्याने ऐकलं. सायकलवर बसला आणि निघाला. आधी बरा चालला होता. मग वेग वाढला, दोन्ही पाय पेडलवरून सुटले, आणि आम्हा दोघींच्या मधून “अगंऽऽ” असा एक लांब आवाज निघून गेला. वळणावर तो वळला नाही. सरळ कुंपणात शिरला.

मुलीने सायकल टाकली आणि धावली. मी तिच्या मागे. तो झुडपात अर्धा उभा, अर्धा आडवा अडकला होता, चष्मा एका कानावर. मनगट दुखावलं होतं, गालावर ओरखडे. बाकी धड होता.

“बाबा! व्हाय डिडन्ट यू ब्रेक?” ती किंचाळली. दोन वर्षांत तिने त्याच्याशी थेट बोललेलं हे पहिलं मोठं वाक्य.

“दोहात लागत नाही,” तो आतून म्हणाला.

मी हसत सुटले, मला आवरेना. ती हसली नाही. रडत रडत त्याच्या शर्टातले काटे काढत होती. तो कुंपणाच्या फांद्या चाचपत होता. म्हणाला, “दाट आहे. मजबूत आहे. कसं केलंय?” तिने नाक पुसत सांगितलं, की बुंधा खालून अर्धा कापून आडवा वाकवतात, तो मरत नाही, त्यालाच पुन्हा फुटवे येतात. तो ऐकत होता. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना दोघं पुन्हा माझ्यामार्फत मीठ मागत होती. मला इतका संताप आला की मी मीठदाणी टेबलाच्या मधोमध आपटली आणि झोपायला निघून गेले.

चौथ्या दिवशी त्याचं उजवं मनगट बांधलेलं होतं. बसने जा म्हटलं तर ऐकेना. मग मुलगी काही न बोलता त्याच्या बाजूला आली आणि बरोबरीने चालवायला लागली. उतार आला की सांगायची, “नाऊ. थोडा. सोड. नाऊ.” तो तिच्या शब्दाबरोबर ब्रेक दाबायचा, सोडायचा. मी मागे. दोघांच्या पाठी बघत चालले होते तेवढ्यात माझी चेन उतरली.

मी हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. दोघं वळणापलीकडे गेली. मी कडेच्या गवतात सायकल उलटी करून बसले आणि त्या चेनशी झटापट करत राहिले. चिडले होते. मनात म्हटलं, यांना एकत्र आणायला मी इथवर आले आणि आता माझीच आठवण नाही.

मग कुंपणापलीकडून त्यांचे आवाज आले. रस्ता पुढे वळून माझ्या शेजारून खाली गेला असणार. दोघं थांबली होती आणि भांडत होती, जोरात, अगदी दोन वर्षांपूर्वीच्या त्या फोनसारखी. मी हात पुसून उठले. सवयच ती. दोन पावलं गेले आणि थांबले. हे भांडण पहिल्यांदाच मला न विचारता चाललं होतं. मी परत गवतात बसले. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड बसणं होतं.

“यू टोल्ड मी नॉट टु कम होम!” ती ओरडत होती. “यू सेड इट, बाबा!”

“म्हणालो!” तो ओरडला. “म्हणालो मी! एवढ्या वर्षांत माझं एक तरी ऐकलंस का तू? लवकर झोप म्हटलं, ऐकलं नाही. भाजी खा, ऐकलं नाही. इंजिनियरिंग सोडू नकोस, ऐकलं नाही. आणि हेच तेवढं ऐकायचं होतं तुला?”

पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या. मग तिचा आवाज आला, लहान झालेला. “आय वॉज वेटिंग फॉर यू टु कॉल.”

“मलाही करायचा होता,” तो म्हणाला. “काय बोलायचं ते येत नव्हतं.”

त्यापुढचं मी ऐकलं नाही, कारण मी दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होते. हात चेनच्या वंगणाने काळे झाले होते याचं भान नव्हतं. दोघं सायकली ढकलत वळणावरून वर आली तेव्हा मी तशीच बसले होते, गालांवर काळे पट्टे ओढून. दोघांचेही डोळे सुजले होते. मला बघून दोघांनाही एकदम हसू फुटलं.

“फोन करायचा की,” नवरा म्हणाला.

मुलगी माझ्या शेजारी गवतात बसली, चेन हातात घेतली आणि एका झटक्यात बसवली. मग माझ्याकडे न बघता, चाक फिरवून बघत म्हणाली, “आई, बाबा म्हणतोय डिसेंबरमध्ये दोहात हवा छान असते. म्हणून मी येतेय.”

मी सायकल सरळ उभी केली आणि दोघांना पुढे जाऊ दिलं.